बुधवारनंतरचा स्वल्पविराम

गोरव्याच्या फाटकाशी जेसंगभाई
तीन वर्षं रोज विचारतात, "बेन, पास?"
मी पर्स उपसते. रुमाल, किल्ल्या, खाऱ्या शेंगांची पुडी,
मग पास.
ते पासाकडे बघतात, माझ्याकडे नाही.

आत माझं काम असं:
पाणीपट्टीच्या सर्व्हरकडून
एका सोसायटीची थकबाकी आणायची.
मधे ब्राउझर नाही. सगळी बोलणी मीच लिहिलेली, हातानं.
"तयार लायब्ररी घ्या ना," हर्षिल म्हणाला होता.
ऐकलं असतं तर झोपले असते.

सर्व्हरला आठवण नसते.
नाव सांगा, पासवर्ड सांगा, तो हो म्हणतो,
आणि पुढच्याच विनंतीला: आपण कोण?
उद्धटपणा नव्हे. दार ठोठावणारेच इतके.
म्हणून निघताना हातावर एक कुकी ठेवतो,
एक नाव, एक लांबलचक बिनअर्थाचा आकडा,
आणि वर सूचना, पोरीला गावी धाडताना द्याव्यात तशा:
याच दारात दाखव. उघड्यावर काढू नकोस.
अमक्या तारखेनंतर टाकून दे.
म्हणजे लक्षात त्यानं नाही ठेवायचं, मी ठेवायचं.
त्याची आठवण माझ्या डब्यात.

सोमवारपासून माझा कोड
लॉगिनवरून मुखपृष्ठावर, मुखपृष्ठावरून लॉगिनवर
नुसत्या फेऱ्या मारत होता.
तीनशे दोन, तीनशे दोन, तीनशे दोन,
विसाव्या फेरीला आपणच दमून बसायचा.
आधी वाटलं पासवर्ड.
मग वाटलं, वळणावर कुकी गळते आहे.
मग सर्व्हरवाल्यांना नावं ठेवली. बरं वाटलं, उपयोग झाला नाही.

गुरुवारी रात्री, दांडिया बाजारातल्या घरी,
खालची सेवउसळची गाडी केव्हाच आवरून गेलेली,
मी आलेली ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवली
आणि पेन्सिल टेकवत वाचत गेले.
दोन कुक्या. एकाच ओळीत. मधे स्वल्पविराम.
मी स्वल्पविराम दिसला की चिरत होते, भेंडी चिरावी तशी.
पण पहिलीची मुदत लिहिली होती:
बुधवार, एकवीस ऑक्टोबर.

बुधवारनंतर स्वल्पविराम.

मी आठवडाच कापला होता.
वार एका तुकड्यात, तारीख दुसऱ्यात.
मुदत कळेना म्हणून खरी कुकी मीच फेकत होते,
आणि तो एकवीस ऑक्टोबर
स्वतःला कुकी समजून डब्यात ऐसपैस बसलेला.

शाळेत चित्रेबाई म्हणत,
स्वल्पविरामाशी वाक्य संपत नाही ग, श्वास घे नि चाल.
पेपरात मी तेव्हाही मार्क घालवले होते.

दोन वाजता थकबाकी आली. अठरा हजार चारशे.
माझी नसूनही आनंद झाला.

शुक्रवारी पास घरी राहिला, त्याच कागदाखाली.
"बेन, पास?"
मी पर्स उपसली. रुमाल, किल्ल्या, पुडी.
जेसंगभाईंनी प्रथमच वर पाहिलं.
"ओळखुं छुं. गुप्तेबेन. त्रीजो माळ.
काले मोडां गयां हतां."
सगळं ठाऊक! मी एक पाय आत टाकला.
"पण पास?"

तिकडे तो, काही न ओळखता
आकडा बघून दार उघडणारा.
इकडे हे, ओळखून उभे.
त्यांनी आपलं स्टूल मला दिलं,
पाहुण्यांच्या वहीत माझं नाव न विचारता लिहिलं,
चिठ्ठी फाडली: "सांजना छ सुधी."

दिवसभर लॉगआउट लिहिलं.
तिथे सर्व्हर टाकून दे असं म्हणत नाही.
तीच कुकी परत देतो, जुनी तारीख घालून:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
म्हणजे ही माझ्या जन्माआधीच संपली होती,
आणि मी मुकाट्यानं डब्यातून काढायची.

सहाला पाच कमी असताना चिठ्ठी दिली.
जेसंगभाईंनी ती तारेला टोचली,
दिवसभराच्या कुरिअरवाल्यांवर,
आणि पेन कानामागे खोचत म्हणाले,
"सोमवारे पास, बेन."